नळ कधी येतात, इथून सुरुवात: खान्देशातल्या नव्या स्वच्छता निरीक्षकासाठी

नेमणुकीचं पत्र हातात पडलं की बहुतेक जण आधी अधिनियमाचं पुस्तक उघडतात. ते उघडावंच. पण खान्देशातल्या एखाद्या नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक म्हणून रुजू होत असाल, तर त्याच्याही आधी तुमच्या भागाचा व्हॉल्व्हमन गाठा. कोणत्या गल्लीला पाणी कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती वेळ सोडतो, हे त्याच्याकडून वहीत उतरवून घ्या.

आपल्याकडे नळ रोज येत नाहीत. कुठे तीन दिवसांनी येतात, कुठे आठ दिवसांनी, आणि मे महिन्यात त्याहूनही उशिरा. म्हणून प्रत्येक घरात ड्रम, रांजण, सिमेंटची टाकी, अंगणातला हौद असं पाणी भरून ठेवलेलं असतं. डेंग्यू त्या साठ्यातून येतो, गॅस्ट्रो रिकाम्या पडलेल्या पाइपातून येतो, आणि दोन्हींची वेळ नळाच्या दिवसावर ठरते. हे मला उमगायला नोकरीची पहिली काही वर्षं गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

पहिले पंधरा दिवस: आदेश आणि पायी फेरी

रुजू झाल्या दिवशी आस्थापना विभागाकडे एकच गोष्ट मागा: तुम्हाला कोणते अधिकार सोपवले आहेत त्याचा लेखी आदेश. नगरपरिषदेचा कारभार १९६५ च्या अधिनियमाने चालतो, जळगाव आणि धुळ्यासारख्या महापालिकांचा १९४९ च्या. दोन्हीकडे अधिकार मुळात मुख्याधिकाऱ्यांचे किंवा आयुक्तांचे असतात आणि तुमच्याकडे ते सोपवलेले असतात. नोटीस कुणाच्या सहीने निघते, दंडाची पावती कोण फाडतो, हे कागदावर नसेल तर पहिल्याच भांडणात तुम्ही उघडे पडता.

त्यानंतर गाडी बाजूला लावा. मुकादमाला सोबत घ्या आणि सकाळी साडेपाचपासून रोज एक भाग पायी फिरा. मोठ्या कागदावर हाताने नकाशा काढा. त्यात गटारी कुठून कुठे उतरतात, पाण्याचे व्हॉल्व्ह कुठे आहेत, नळजोडणीचा पाइप गटारीतून गेलेली घरं कोणती, सार्वजनिक शौचालयं, मटण-मासळीचे गाळे, दवाखाने आणि लॅब, पंक्चरची दुकानं, भंगारवाले, सुरू असलेली बांधकामं, गोठे, आणि घंटागाडी गेल्यावरही जिथे पुन्हा ढीग पडतो त्या जागा टिपा. ढिगाच्या जागेवर रात्री साडेनऊला एकदा जाऊन या. कचरा कोण टाकतं ते तेव्हा कळतं. बहुतेक वेळा समोरची घरं निर्दोष असतात आणि टाकणारा दोन गल्ल्या पलीकडचा खाणावळवाला निघतो.

हजेरीशेड: आधी माणसं

सफाई कामगारांची हजेरी स्वतः उभं राहून घ्या. मुकादमाने कच्च्या वहीत लिहिलेली आणि तुम्ही दहा वाजता ऑफिसात सही केलेली हजेरी ही हजेरी नव्हे. कोण गैरहजर आहे याच्याइतकंच, कोण खोकतो आहे, कुणाच्या पायाला पट्टी बांधली आहे, कुणाचे हातमोजे फाटले आहेत हे बघायला तिथे उभं राहायचं असतं. काचेने कापलेल्या हाताने गटार काढायला माणूस पाठवला, तर पुढचं सगळं तुमच्या डोक्यावर आहे असं समजा. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवा.

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दिवसांत झाडलोट आणि गटारीचं काम पहाटे पाचला सुरू करून दहाच्या आत संपवा. दुपारची पाळी संध्याकाळी न्या. हजेरीशेडमध्ये माठ भरलेला हवा आणि ओआरएसची पाकिटं कपाटात नाही, टेबलावर हवीत. कुणाला घाम यायचा थांबला, बोलणं असंबद्ध झालं, तर त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता आणि लगेच दवाखान्यात हलवा. 'जरा बसू दे, बरं वाटेल' म्हणत थांबू नका.

सेप्टिक टँक आणि भुयारी गटारीत माणूस उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्याने ते गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली, पण त्या रकमेने घरातला माणूस परत येत नाही. वरून कितीही दबाव आला, 'दोन मिनिटांचं काम आहे' असं कुणी म्हटलं, तरी मैला उपसणारी गाडी येईपर्यंत झाकण बंद ठेवा. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं. 'आत वास नाही' म्हणून माणूस उतरतो आणि वर येत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. हे प्रत्येक कामगाराला, आणि खासगी टाकी उपसून घेणाऱ्या प्रत्येक घरमालकाला, तोंडाने सांगा.

कचरा

ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा झाला पाहिजे, आणि डायपर-पॅड, बॅटऱ्या, जुनी औषधं त्यांत मिसळता कामा नयेत. घनकचरा नियमांनी ही जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली आहे. पण घंटागाडीत दोन कप्पे असून डेपोवर दोन्ही एकाच ढिगात ओतले जात असतील, तर बायका आठ दिवसांत वेगळं करणं सोडतात, आणि त्यांचं चुकत नाही. म्हणून आधी डेपोवरची ओतण्याची जागा वेगळी करा, गाडीच्या चालकाला तिथे उभं करून दाखवा, आणि मगच घरोघर सांगायला जा.

केळीच्या पट्ट्यातल्या गावांत, म्हणजे रावेर-यावल-चोपड्याकडे, केळीचे दांडे आणि सडका माल ही वेगळीच डोकेदुखी असते. तो माल ओला असला तरी दांडा चिवट असतो. अख्खा टाकला तर खताच्या खड्ड्यात महिनोन्महिने तसाच राहतो, आणि खालचं पाणी झिरपून माश्या घोंगावतात. वखारीवाल्यांना दांडे तोडून द्यायला लावा, शेण किंवा जुनं खत मिसळून थर द्या आणि आठवड्याला ढीग उलटा. खत चांगलं उतरलं तर शेतकरी स्वतः ट्रॅक्टर घेऊन येतात.

एक गोष्ट आमच्या पिढीच्या मनातून जात नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरला. आधी पूर, मग साचलेला कचरा आणि मेलेली जनावरं, मग रोग. सुरतेत आपली खान्देशी माणसं किती आहेत हे सांगायला नको. ती गाड्या भरभरून नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे परतली, आणि गावोगाव भीती उतरली. तापी वरून आपल्याकडून वाहत तिकडे जाते आणि रोग रेल्वेने तिकडून इकडे येऊ शकतो. पुरानंतरचा गाळ आणि मेलेली जनावरं पहिल्या दोन दिवसांत उचलायची ती एवढ्यासाठी.

पाणी: टाकीपासून शेवटच्या घरापर्यंत

पाणीपुरवठा विभाग वेगळा असतो म्हणून बरेच निरीक्षक पाण्याकडे बघत नाहीत. पण रुग्ण वाढले की विचारणा आपल्यालाच होते. पाण्यात क्लोरिन किती उरलं ते दाखवणारा ओटी टेस्टचा डबा सतत जवळ ठेवा. नळाच्या दिवशी तीन ठिकाणी तपासा: टाकीजवळचं पहिलं घर, लाइनीच्या मधलं घर आणि अगदी शेवटचं घर. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, द्रावणाचे थेंब टाका आणि पिवळा रंग लगेच पट्टीशी ताडून पाहा. प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शेवटच्या घरी उरलं पाहिजे, आणि साथीच्या काळात ०.५. ओटीचं द्रावण विषारी आहे. तपासलेलं पाणी पुन्हा हंड्यात ओतू नका आणि थेंब हाताला लागू देऊ नका.

पहिल्या घरी पिवळा रंग आणि शेवटच्या घरी पाणी पांढरंच, असं आलं तर मधे कुठेतरी घाण शिरते आहे असं धरून चाला. पहिल्याच घरी रंग नसेल तर टाकीवर क्लोरिन पडलेलं नाही किंवा टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मेलेली आहे. चांगल्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतं. आपल्या उन्हात उघडं पोतं पडून राहिलं की ते झपाट्याने उतरतं, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्यासाठी वापरायची नाही. पोती सावलीत, फळीवर, तोंड बांधून ठेवा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

जंतूंच्या तपासणीचा नमुना घ्यायचा तर प्रयोगशाळेने दिलेलीच निर्जंतुक बाटली वापरा. तिच्यात थोडं औषध आधीच घातलेलं असतं, म्हणून ती धुवायची नाही. नळाचं तोंड पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटलीच्या आत बोट लागणार नाही असं धरून भरा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी पोहोचवा. बाटलीवर गल्ली, घर, तारीख आणि वेळ लिहा. 'नळाचे पाणी' एवढंच लिहिलेला नमुना अहवाल आल्यावर काही उपयोगाचा राहत नाही.

नोकरीच्या चौथ्या वर्षी एका गल्लीत दोन दिवसांत नऊ जणांना जुलाब लागले. मी काय केलं? गटारींच्या दोन्ही काठांनी पावडरीच्या पांढऱ्या रेघा मारून घेतल्या. लोकांना बरं वाटलं, फोटोही निघाले. तिसऱ्या दिवशी आणखी सहा जण दवाखान्यात गेले. तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या व्हॉल्व्हमनने मला हाताला धरून नेलं आणि एका घरासमोरच्या गटारीत हात घालून पाइप दाखवला. जोडावर रबराची पट्टी गुंडाळलेली होती आणि ती कुजलेली होती. पलीकडच्या घरात नळाला मोटार लावलेली. मोटार सुरू झाली की पाइपातलं पाणी ओढलं जाई, आणि त्या जोडातून गटारीचं पाणी आत येई. नळ बंद असले की रिकामा पाइप तसाही गटारीत बुडून पडलेला. जोड बदलला, मोटार काढली, लाइन धुवून काढली, आणि नवे रुग्ण थांबले. गटारीच्या काठावरची पावडर घाणीतच खर्ची पडते. ती पावडर तेव्हा मी टाकीत आणि घरातल्या हंड्यांत घालायला हवी होती. ते दोन दिवस माझ्या मनात आजही आहेत.

म्हणून जुलाबाचे दोन रुग्ण एकाच गल्लीतले दिसले की हा क्रम ठेवा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच तासाला कळवा. रुग्णांची घरं नकाशावर ठिपक्यांनी दाखवा आणि ती कोणत्या व्हॉल्व्हवर आहेत ते बघा. तो व्हॉल्व्ह बंद करून टँकरने क्लोरिन घातलेलं पाणी द्या. गटारीतल्या सगळ्या जोडण्या हाताने चाचपून घ्या. घरात भरलेल्या पाण्यात क्लोरिनचं द्रावण टाकून अर्धा तास थांबायला सांगा. नळ पुन्हा सोडाल तेव्हा पहिली दहा मिनिटं पाणी भरू नका, असं भोंग्यावरून सांगा. हा शेवटचा नियम साथ नसतानाही ठेवावा, कारण बंद पाइपात शिरलेली घाण त्या पहिल्या धारेतच येते.

डास: कोरडा दिवस कॅलेंडरवर ठरवू नका

सरकारी पत्रकात आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून सुकवायचा दिवस, पाळा असं असतं. बरोबरच आहे, पण वार तुम्ही ठरवू नका, तो नळ ठरवतील. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचं अंडं ते उडणारा डास हा प्रवास आपल्या उबेत सात ते दहा दिवसांचा. नळ आठ दिवसांनी येतात. म्हणजे दोन नळांच्या मधल्या काळात घरातल्या ड्रममध्ये डासाची एक पिढी तयार होते. आणि नळ येऊन दोन दिवस झालेले असताना तुम्ही कुणाला 'ड्रम रिकामा करा' म्हणालात तर कोण ऐकेल?

एकदा एका आजींच्या ओट्यावर मी हेच म्हणालो. त्या रांजणावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "पानी आठ दिनमा एकदाव येस भाऊ, मी कसं फेकी देऊ?" मी काही बोललो नाही. झाकण सरकवून विजेरीचा झोत आत टाकला. पाण्याच्या वरच्या थराला लटकलेल्या अळ्या उजेड पडताच वळवळत खाली गेल्या. पांढऱ्या वाटीत थोडं पाणी काढून त्यांच्या हातात दिलं. त्या वाटीकडे बघत राहिल्या. मग सुनेला हाक मारली, "आपलं पोरगं हाईच पानी पेस!" (हेच पाणी पितं!) त्या दिवशी आमचं ठरलं: नळाच्या आदल्या रात्री उरलेलं पाणी बादल्यांत काढायचं, रांजण आतून काथ्याने घासायचा, सकाळी भरला की वर फडकं बांधायचं. पुढच्या फेरीला रांजण स्वच्छ होता, आणि आजींनी शेजारच्या तीन घरांतही वाटी फिरवली होती.

घासणं सगळ्यात महत्त्वाचं. अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून दिलं आणि पुन्हा भरलं, तर अंडी पुन्हा भिजतात.

सर्वेक्षणाला जाताना विजेरी, पांढरी वाटी, खडू आणि तक्ता न्या. १०० घरं बघितली आणि १२ घरांत अळ्या सापडल्या, तर घर निर्देशांक १२. त्या १०० घरांतली ४०० भांडी तपासली आणि १८ भांड्यांत अळ्या, तर भांडी निर्देशांक साडेचार. १०० घरांमागे अळ्या असलेली भांडी १८, तो ब्रेटो निर्देशांक. आकडा घरी बसून भरता येतो हे सगळ्यांना माहीत आहे. दारावर खडूने तारीख लिहा आणि दर दहा घरांमागे एक घर स्वतः पुन्हा उघडून बघा.

कूलर विसरू नका. खान्देशात कूलर नसलेलं घर विरळा, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडला की तो गच्चीवर किंवा खिडकीत पाण्यासकट पडून राहतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फक्त कूलरची फेरी काढा. फ्रिजमागचा ट्रे, पाखरांसाठी ठेवलेलं पाणी, पंक्चरवाल्याचे टायर, बांधकामाची टाकी ही त्यानंतरची यादी. रिकामी होऊच न शकणाऱ्या टाक्यांत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा किंवा हिवताप विभागाच्या मापाप्रमाणेच अळीनाशक टाका. अंदाजाने झाकणभर ओतायचं नाही.

धुराच्या मशीनची मागणी नगरसेवक करतील, लोकही करतील. धुराने उडणारे डास मरतात, रांजणातल्या अळ्यांना काही होत नाही. डेंग्यूचा रुग्ण तपासणीत पक्का झाला की त्याच्या भोवतीच्या घरांत आधी भांडी तपासा आणि मग धूर करा. हा डास दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही. बहुतेक वेळा त्याचं घर रुग्णाच्या शंभर-दोनशे पावलांत सापडतं.

नोटीस, पंचनामा, पावती

आधी तोंडी सांगा, तारीख वहीत लिहा. दुसऱ्यांदा लेखी नोटीस द्या. तिच्यात काय आढळलं, कुठे, किती दिवसांत काय करायचं, एवढंच असावं. 'परिसर अस्वच्छ आहे' असं लिहू नका. 'घरासमोरील गटारीवर चार फूट लांब पक्का ओटा बांधल्याने गटार साफ करता येत नाही' असं लिहा. नोटीस घेत नसेल तर दोन पंचांसमोर दारावर चिकटवा, फोटो काढा आणि पंचांच्या सह्या घ्या. पंच शेजारचेच घेऊ नका, त्यांना त्या गल्लीत राहायचं असतं.

प्लास्टिकच्या दंडाची रक्कम राज्याने २०१८ मध्येच ठरवून दिली आहे: पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. भाजीवालीची टोपली उलथवण्याआधी तिला पिशव्या पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्याचं गोदाम शोधा. पावतीशिवाय दहा रुपयेही हातात घ्यायचे नाहीत, तुमच्या हाताखालच्या कुणालाही घेऊ द्यायचे नाहीत.

दवाखाने, अन्न, नोंदणी

दवाखान्यांचा जैववैद्यकीय कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या डब्यांत वेगळा हवा आणि ४८ तासांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. घंटागाडीत एक जरी सुई सापडली तर त्या दिवशी त्या रस्त्यावरचे सगळे दवाखाने तपासा. अन्नाचे नमुने घेणं अन्न व औषध प्रशासनाचं काम आहे, त्यात हात घालू नका, पण दिसलेलं त्यांना लेखी कळवा. जन्म-मृत्यूची नोंद २१ दिवसांत झाली पाहिजे. मृत्यूच्या रजिस्टरवर दर आठवड्याला नजर टाका, एकाच भागातले तापाचे मृत्यू तिथे आधी दिसतात. कुत्रा चावल्याची तक्रार आली तर आधी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायला सांगा, लसीला त्याच दिवशी पाठवा, आणि मग कुत्र्यांचा विषय काढा.

लग्नसराई आणि यात्रा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे लग्नांचा सुकाळ असतो. वरणबट्टीची पंगत हजाराची, आणि बाहेर ४४ अंश. एवढ्या उन्हात शिजवलेलं अन्न तासाभरापेक्षा जास्त उघडं राहिलं की धोका सुरू होतो. मंगल कार्यालयांची यादी करा, हंगामाआधी मालक आणि आचारी यांना एकत्र बसवा. हात धुवायला साबण, पाण्याच्या टाकीत क्लोरिन, मठ्ठ्यात खाण्याचाच बर्फ, आणि उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी गल्लीत वाटायचं नाही, एवढं पक्कं करून घ्या. बर्फ निळसर दिसला तर तो खाण्याचा नाही. मासळी-औषधं थंड ठेवायच्या बर्फाला मुद्दाम तो रंग घालतात.

अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरी नदीच्या पात्रात भरते. अशा नदीपात्रातल्या यात्रेत शौचालयांची जागा वाऱ्याच्या आणि उताराच्या खालच्या अंगाला ठेवा, पाण्याच्या टाक्या वरच्या अंगाला. फिरत्या शौचालयांना पाणी आणि दिवा दोन्ही हवेत. दिवा नसला तर बाया रात्री तिकडे फिरकत नाहीत. दुकानं लागण्याआधी आखणी करून घ्या, नंतर कुणी हलत नाही. आणि यात्रा संपल्यावर कामगार दुप्पट लागतात, हे आधीच मंजूर करून ठेवा.

वही

रोज संध्याकाळी अर्धा तास वहीला द्या. एका गल्लीला एक पान ठेवा: नळाचा दिवस, शेवटच्या घरचं क्लोरिन, अळ्या सापडलेली घरं, तापाचे आणि जुलाबाचे रुग्ण, दिलेली नोटीस, गाळ काढल्याची तारीख. गटारीतून काढलेला गाळ उचलल्याची तारीख वेगळी लिहा, कारण काठावर सुकत ठेवलेला गाळ एका पावसात परत आत जातो. मोबाइलवर अॅप असलं तरी ही वही हातानेच लिहा, रस्त्यात उभं राहून ती उघडता येते. तुमची बदली झाली की ती कपाटात कुलूपबंद करू नका. येणाऱ्या निरीक्षकाच्या हातात द्या, आणि पहिल्या पानावर व्हॉल्व्हमनचं नाव आणि तो पहाटे किती वाजता चावी घेऊन निघतो ते लिहून ठेवा.